वास्तुशांतीचा पाम

अंबड,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप बिभीषणभाऊ यांच्या चरणी धाकट्या दैवशालेचा शिरसाष्टांग नमस्कार.

(एकदा वर तीर्थस्वरूप लिहून टाकलं की खाली ‘तू’ म्हणायला मन मोकळं होतं. तेव्हा राग मानू नये.)

तुझी साखर कशी आहे? वहिनींची पाठ? मायच्या गुडघ्यांना सकाळी कोमट तेल लावतं का कुणी, की बाटली अजून फडताळातच आहे? आमच्याकडे सगळे ठीक. तुझ्या दाजींचं वडीगोद्रीचं पाइपांचं दुकान रडतखडत चालू आहे. मला काहीही झालेलं नाही, उजव्या हाताचं बोट तेवढं सुजलं आहे, म्हणून अक्षर असं तिरकं आलंय. फोन करता आला असता, पण तुझ्या फोनचा आवाज असा, की मी इकडून बोलते आणि उत्तर स्वयंपाकघरातून वहिनी देतात. शिवाय हल्ली तू तब्येतीच्या आधी सहीचं विचारतोस. सोमवारी जाफराबादला रजिस्ट्री आहे, बापूंच्या वावरातला माझा हिस्सा मी राजीखुशीनं सोडला असं त्या हक्कसोडपत्रात लिहिलेलं आहे, मायचा अंगठा झालेला आहे आणि माझी सही राहिली आहे, हे सगळं मला पाठ आहे. काळजी करू नकोस. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी तू दिलेल्या पामची हकीकत सांगणं भाग आहे, कारण देणाऱ्याला आपल्या देण्याचं पुढं काय झालं ते कळलं पाहिजे.

अक्षय तृतीयेला आमच्या वास्तुशांतीला तू टेम्पोतून पाम घेऊन उतरलास तेव्हा अख्खी कॉलनी फाटकाशी जमली होती. भाऊ येतो तो साडीचोळी घेऊन, फार तर मिक्सर घेऊन. पाम घेऊन येणारा भाऊ अंबडात कुणी पाहिला नव्हता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सिमेंटची कुंडी, खोडाला गोणपाट गुंडाळलेलं, पानं वर घेऊन रिबिनीनं बांधलेली, नवरदेवाच्या तुऱ्यासारखी, आणि गळ्यात पाटी : ‘कॅनरी पाम, इम्पोर्टेड’. खाली किंमत. किमतीची चिठ्ठी काढायची राहूनच गेली असं वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, ज्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं त्यांनासुद्धा. कुंडी त्यांनी स्वतः हातानं फिरवून पाटी मांडवाकडे केली. (पाठ दुखत असताना. म्हणून तर वर चौकशी केली.) मग पंगत बसली. बासुंदीची वाटी तोंडाला लावता लावता तू म्हणालास, “दैवशे, ते कागदाचं तेवढं करून टाकू. वावर कुठं पळून चाललं? तुझ्या नावानं राह्यलं काय न् माझ्या नावानं राह्यलं काय, बापूचंच हाय.” मी मान हलवली. फाटकाशी एवढा मोठा पाम उभा असताना मान नाही कशी हलवणार?

पुढचे महिने आमच्या घरात तीन माणसं होती असं समज. मी, तुझे दाजी आणि पाम. त्यात पामचा मान पहिला. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. पण परदेशचा जीव, त्याला इथलं जड पाणी सोसायचं नाही म्हणून तुझ्या दाजींनी पिण्याच्या जारमधलं पाणी त्याला घालायला सुरुवात केली. आम्ही चहा बोअरच्या पाण्याचा पीत होतो. मग दुकानातून ठिबकची नळी आणून एका झाडाला ठिबक बसवलं. मग दुपारच्या उन्हानं काळा पडू नये म्हणून माझ्या चांगल्या सुती साडीची सावली केली. (ती साडी मायनं दिलेली. माहेरच्या साडीनं माहेरचा पाम झाकला, हिशेब बरोबरच होता.) एवढं केल्यावर कुठलंही झाड जसं वागेल तसंच ते वागलं. पानांची टोकं पिवळी पडली. दाजी म्हणाले, त्याला हवा मानवत नाही. मी म्हटलं, त्याला आपण मानवत नाही.

समोर गिरधारीलाल सेठ राहतात, कापडवाले, मूळचे मारवाडातले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण सल्ला द्यायचा असला की हिंदीत देतात, म्हणजे तो वजनदार होतो. त्यांनी पामभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, “ये तो खजूर है. हमारे उधर के जैसा. देखना, फल लगेगा.” झालं. भगवतीदेवी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, रोज पूजेचं फूल आमच्या कुंडीत वाहू लागल्या आणि पहिला घड देवळात द्यायचा असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यांची सून रुचि शिकलेली. तिनं मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखणाऱ्या यंत्रणेला विचारलं. पहिल्या फोटोला उत्तर आलं एक, दुसऱ्याला आलं दुसरंच. तिसऱ्या फोटोत मागून आमच्या गल्लीतली शेळी आली, तेव्हा यंत्रणेनं छातीठोकपणे सांगितलं की ही शेळी आहे. या सगळ्या प्रकरणात आजवर बिनचूक ओळखलं गेलेलं तेवढंच एक.

मग मी कॉलेजातल्या अण्णासाहेबांकडे एक पान घेऊन गेले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, भला माणूस. त्यांनी पान उन्हात धरलं, पालथं केलं, चष्मा काढला, चष्मा घातला आणि म्हणाले, कूळ खजुराचं आहे एवढं नक्की, पानोळ्या, म्हणजे पानाच्या पात्या, मधे दुमडून पन्हळीसारख्या झाल्यात त्यावरून. पण कॅनरी की आणखी कोण, ते फुलोरा आल्यावर सांगतो. मी विचारलं, फुलोरा कधी येईल? ते म्हणाले, या वाढीनं आणखी पाच-सात वर्षांत यायला हरकत नाही. तोपर्यंत ते निवृत्त होतील, पण घरचा पत्ता त्यांनी दिला आहे. निघताना एवढं मात्र सांगितलं, की कॅनरीची पानं हिरवीगार असतात आणि पानोळ्या कंगव्यासारख्या शिस्तीत बसतात. हे राखाडी का दिसतं आणि पानोळ्या अशा झुपक्याझुपक्यानं चहूकडे का पळाल्यात, ते काही लक्षात येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे राहून शिस्त बिघडली असेल.

आता बोटाचं सांगते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घराची झाडझूड चालली होती. सगळं झाल्यावर ओलं फडकं घेऊन पामची पानं पुसायला बसले. (होय, पानं पुसत होते. घरातले पंखे तसेच होते.) पुसत पुसत देठाच्या बुडाशी हात गेला आणि कळ मेंदूपर्यंत गेली. काटा. पानोळ्याच बुडाकडे येता येता काटे झालेल्या. अण्णासाहेबांच्या पुस्तकात तेही लिहिलेलं असेल, आणि कॅनरीलाही असे काटे असतात असं ते म्हणतील. पण भाऊ, पुस्तक बोटाला नसतं. त्या कळेला एक ओळख होती. पहिल्या झटक्याला विजेसारखी, मग थांबते, मग आत आत दुखत जाते. ही कळ मला माहीत होती. मी फाटकाशी तशीच खाली बसले, फडकं हातात, आणि टेंभुर्णीचा आपला नाला माझ्या डोळ्यांसमोर आला.

बापू कोकरांच्या खोपीवर टाकायला शिंदीचे झावळे तोडायचे, आपण दोघं ते ओढत न्यायचो. तू पुढं, मी मागं. बुडाची बाजू तू धरायचास, कारण बुडाला काटे. एकदा मी हट्टानं बुडाकडून धरलं, काटा बोटात मोडला, आणि मी नाला डोक्यावर घेतला. तू बाभळीचा काटा तोडून आणलास, थुंकीनं पुसलास (आता हे डॉक्टरला सांगितलं तर तो धनुर्वाताचं इंजेक्शन मला आजसुद्धा देईल) आणि माझं बोट धरून शिंदीचा काटा काढलास. बापू बघत होते. म्हणाले, “काढ काढ, बराबर काढ. तुझ्याच बहिणीचं बोट हाय.” दिवाळीच्या तोंडावर फडे वळणाऱ्या बाया नाल्यावर यायच्या, पानं न्यायच्या आणि मायला एक नवा फडा देऊन जायच्या. लक्ष्मीपूजनाला माय त्या फड्याला हळदकुंकू वाहायची, पाया पडायला लावायची, ही लक्ष्मी म्हणायची. दुसऱ्या दिवशी तीच लक्ष्मी घेऊन अंगण झाडायची आणि मग वर्षभर दाराआड उभी करून ठेवायची. मला तेव्हा ते फार विचित्र वाटायचं. आता मुळीच वाटत नाही.

तर भाऊ, तुझा परदेशी पाम शिंदी निघाला. नाल्याकाठची, गायरानातली, कुणी न लावलेली, कुणी पाणी न घातलेली शिंदी. तिला मी जारचं पाणी पाजत होते, म्हणून ती आजारी पडली होती.

मी मनात म्हटलं, नर्सरीवाल्यानं माझ्या भोळ्या भावाला फसवलं. (भोळ्या हा शब्द मी मनात वापरला, याची नोंद घ्यावी.) दसरा झाल्यावर पाटी पिशवीत घातली आणि तिच्या मागं नाव छापलेल्या, जालना रोडवरच्या नर्सरीत गेले. मालक मच्छिंद्र. टेंभुर्णी त्याची सासुरवाडी, म्हणून मला पाहताच त्यानं खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला. मी पाटी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही शिंदी आहे की नाही? माणूस घाबरेल, नाकारेल, भांडेल अशा तयारीनं मी गेले होते. तो हसला. “आता ताई, तुमच्यासंग काय खोटं बोलावं. हाय शिंदीच. पर शिंदी म्हणलं की गिऱ्हाईक हातबी लावत न्हाई. गोणपाट गुंडाळलं, पाटी लावली, की बंगल्यावाले टेम्पो घेऊन येतेत. झाड तेच हाय, मी कुठं बदललं?” मी म्हटलं, माझ्या भावानं एवढी किंमत मोजून… तो म्हणाला, “किंमत? बिभीषणभाऊंनी रुपया दिल्ता न्हाई अन् म्या मागितला न्हाई. माल त्यांचाच ना. मागल्या साली तुमच्या नाल्यातल्या समद्या शिंद्या म्या जेसीबीनं काढून आणल्या. ते म्हणले, जल्दी घेऊन जाय, वावर साफ करून राह्यलो, प्लॉटिंगवाले बघायला येणार हायेत. मंग औंदा ते वास्तुशांतीचं बोलले, तवा म्या म्हणलं, भाऊ, तुमचा माल फुकट कसा ठेवावा? बहिणीकडं चाललाव तं एक भारी पाम घेऊन जा माझ्याकडून.”

चहा आला. मी तो प्यायले. चांगला होता.

मग मी एकच विचारलं, भाऊला ठाऊक होतं का, की ही आपल्याच नाल्यातली? मच्छिंद्रनं कानाला हात लावला. “बिलकुल न्हाई! एवढ्या झाडात त्यांनी स्वतःच बोट दाखवलं. म्हणले, हा दे, हा लई भारी दिसून राह्यला.”

घरी येताना एसटीत मी याच वाक्याशी बसले होते. रागवायचं म्हटलं तर राग कुठं धरावा कळेना. जन्म ज्या शिंद्यांत गेला त्यातलीच एक शिंदी तुझ्यासमोर उभी होती आणि तुला ती ओळखू आली नाही, कारण ती कुंडीत होती आणि तिच्या गळ्यात पाटी होती. पण सगळ्या नर्सरीत तुला आवडली तीच. हे मी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. एका बाजूनं हसू आलं. दुसऱ्या बाजूनं जे आलं ते पदरानं पुसलं, शेजारी वडापाव खाणाऱ्या बाईनं समजून जागा करून दिली.

आणि तुला दोष कसा देऊ? मलाही कुंडीत घालून पाटी लावलीच की तुम्ही सगळ्यांनी. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, मनीषा. तेव्हापासून दैवशाला म्हणणारं घरात कुणी नाही. तुझ्या कागदाची प्रत मी नीट वाचली. त्यात मी आहे ‘मनीषा भ्र. तातेराव’. कचेरीच्या भाषेत भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा, हे मला माहीत आहे. कागदाच्या भाषेत चूक काहीच नाही. पण भाऊ, ज्या वावरातला हिस्सा सोडायचा, त्या वावराला ही मनीषा कोण ते माहीतच नाही. तिथं कधी ती गेली नाही. तिथं काटा मोडला तो बापूंच्या, धुळाजीच्या दैवशालेच्या बोटात.

शिंदी निघाल्याची बातमी कॉलनीत पसरली. (मी सांगितली नाही, दाजींनी शोकसमाचारासारखी सांगितली.) दुसऱ्या सकाळपासून भगवतीदेवींचं फूल बंद. शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि आम्ही तर दाराशीच लावलेली. सेठजींनी फार हळुवारपणे सुचवलं, “बेटी, अच्छे घर के सामने ये शोभा नहीं देता.” मी म्हटलं, सेठजी, तुम्हीच म्हणाला होतात ना खजूर, ही त्याचीच बहीण आहे. ते म्हणाले, बहन अलग होती है. खरं आहे. रुचीनं मात्र येऊन विचारलं, की मावशी, पानं पिवळी पडायची थांबली कशी? मी म्हटलं, जारचं पाणी बंद केलं, सावली काढली. आता तिच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून ती बरी आहे.

दाजी म्हणाले, परत करू, बदलून आणू. मी नाही म्हटलं. त्यांना वाटतं मी तुझी लाज राखतेय. तसंच वाटू दे.

असो. फार लांबलं. तुला वेळ नसतो, वावर साफ करायचं असतं. मायला माझा नमस्कार आणि वहिनींना सांग, पाम अगदी छान आहे, सगळे विचारतात.

तुझी धाकटी,
दैवशाला

ता. क. सहीचं शेवटी लिहिते म्हटलं होतं, ते राहिलंच. सोमवारी मी जाफराबादला येते आहे, पण सही करणार नाही. तू म्हणाला होतास, वावर कुठं पळून चाललं. मच्छिंद्रच्या जेसीबीत ते थोडं पळालेलं मी ऐकलं. प्लॉटिंगवाल्यांना तू सांग की बहीण अडून बसली आहे, सगळा दोष माझ्यावर घाल, मला चालेल. वरचं चांगलं काळं रान तूच घे, तूच कस, मायला सांभाळ. मला नाल्याकाठची पट्टी दे, जिथं काही पिकत नाही. कागद नवा करायचा आणि नाव घालायचं ‘दैवशाला पि. धुळाजी’. पि. म्हणजे पिता, हे कारकून सांगेल. तिथं आता एकही शिंदी उरली नसेल, तर ही एक मी परत नेऊन लावीन. तिचा तरी हक्क कुणी सोडून घेतलेला नाही.

ता. क. २. वहिनी म्हणतील, सही नाही तर माहेर नाही. पंगतीच्या दिवशी त्या मागच्या दारी तसं बोलल्याही होत्या, मी ताटं उचलत होते. मी त्यावर खूप विचार केला. सही केली की माहेर शिल्लक राहतं, ही पाटी कुणी लावली ते मला माहीत नाही, पण मच्छिंद्रसारखाच कुणीतरी असणार. हे पत्र मायला वाचून दाखव. मधलं गाळू नकोस, शिंदीचा विषय आहे, तिला सगळं समजेल.

ता. क. ३. बोटातला काटा अजून आतच आहे. दाजी सुईनं काढतो म्हणतात, दवाखान्यातही जा म्हणतात. मी जात नाही. भाऊबीजेला येशील की नाही ते या पत्रानंतर मला सांगता येत नाही, पण पाट मी मांडून ठेवीन. आलास तर साडी आणू नकोस, कुंडी तर मुळीच नको. नाल्यावरून येताना बाभळीचा एक काटा तेवढा तोडून आण.